बोलका पहिलवान

सिनेमाच्या रिळांची पेटी आज येत नाही, हे तंबूतल्या लोकांच्या आधी सुगंधाबाईला कळलं. ती बायकांच्या बाजूला अगदी कडेला बसली होती आणि कनातीच्या फटीतून तिला कासमभाई टाकीजवाला दिसत होता. तो डोक्याला हात लावून विजेच्या इंजिनच्या गाडीच्या पायरीवर बसला होता. त्याच्याजवळ तिचा नवरा उभा होता.

इस्तारी पहिलवानाला कासमभाईने मार्कंड्याच्या जत्रेपुरता तंबूच्या दरवाजावर ठेवला होता. काम सोपं होतं. तिकिटाशिवाय घुसणाऱ्याच्या समोर नुसतं उभं राहायचं. आरमोरीच्या कुस्त्यांच्या दंगलीत गुडघा गेला, लंगोट खुंटीला लागला, आणि तेव्हापासून उभं राहण्यापलीकडे त्याला कोणी काही काम सांगितलंच नव्हतं. घरात शब्द चालायचा तो थोरल्या भावाचा, गुणवंतरावांचा. इस्तारी जेवायच्या वेळी पाटावर बसायचा आणि जेवून उठला की ओसरीवर बसायचा. ‘हो’, ‘नाई’ आणि ‘वाढ’ एवढ्या तीन शब्दांवर सुगंधाबाईने त्यानंतरची सात वर्षं संसार रेटला होता.

आत लोक ओरडायला लागले होते. महाशिवरात्रीचा उपास सोडून, देवाचं दर्शन घेऊन, पोराबाळांसह बैलबंड्या जुंपून आलेले लोक. पडदा पांढराचा पांढराच. कोणीतरी बांबू हलवायला सुरुवात केली तसा सगळा तंबू डुलायला लागला.

“पहिलवान,” कासमभाई म्हणाला, “तुम जाओ. आदमी बडा देखके चूप बैठेंगे.”

“जाऊन काय करू जी?”

“कुछ भी बोलो. माईक चालू है.”

इस्तारी लंगडत पडद्यासमोर गेला. तिथे लाकडी फळ्यांचा ओटा होता, त्यावर एक लोखंडी खुर्ची आणि दांड्यावरचा माईक. त्याने तो दांडा असा धरला की माईकमधून कर्कश किंचाळी निघाली आणि पुढची रांग दचकून मागे सरकली. इस्तारीने माईककडे वाकून पाहिलं आणि मनापासून विचारलं, “काऊन बापा? दुखलं का?”

तंबू खदखदला. सुगंधाबाईने पदर तोंडाला लावला, पण हसायला नव्हे. आता हा माणूस तिथेच गप्प होईल आणि लोक त्याच्यावर मुरमुरे फेकतील, असं तिला वाटलं.

इस्तारी गप्प झाला खरा. पण तो लोकांकडे पाहत होता आणि त्याचे खांदे सैल पडत होते. चहूकडून गर्दी आणि मध्ये आपण, ही जागा त्याच्या ओळखीची होती. लग्नाच्या नव्या नवलाईत सुगंधाबाईने त्याच्या कुस्त्या लपूनछपून पाहिल्या होत्या. त्याची एक खोड होती. सलामी झाली की तो समोरच्याला गाव विचारायचा, घरी कोण कोण आहे विचारायचा, सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारायचा. उस्ताद बाहेरून शिव्या घालायचे. समोरचा उत्तर देण्याच्या नादात असतानाच पाठीवर पडायचा, असंही लोक म्हणत.

“ओ जी,” इस्तारीने पुढच्या रांगेतल्या एकाला बोट केलं, “तुमी कोण गावचे? या इथी. बसा खुर्चीवर.”

तो झिंगू ढीवर निघाला, नदीपलीकडचा मासे धरणारा. खुर्चीवर तो पाय वर घेऊन बसला.

“सर्वात मोठी मासोळी केवढी धरली?”

झिंगूने दोन्ही हात पसरले.

“मागच्याले हात दिसत नाई. तोंडानं सांगा.”

“माह्या बायकोएवढी,” झिंगू माईकमध्ये म्हणाला आणि भोंग्यातून ते साऱ्या जत्रेत गेलं.

“बायको कुठी हाये?”

“घरी हाये जी.”

“मी इथी हाये,” सुगंधाबाईच्या मागून एक बाई उठून उभी राहिली. “मासोळी केवढी होती थे मी सांगतो. हातावर मावत होती.”

लोक एकमेकांच्या अंगावर पडले. त्यानंतर जत्रेत जावळं काढणारा वारलू न्हावी आला. सर्वात कठीण डोकं कोणाचं, असं इस्तारीने विचारताच तो म्हणाला, पोलीस पाटलाचं, कारण ते कधी जागेवर राहात नाही. पोलीस पाटील तिथेच तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनाही खुर्चीवर यावं लागलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर डोकं स्थिर ठेवून दाखवलं. तंबू मोडायला निघालेले लोक खेळ संपला तेव्हा घरी जायला तयार नव्हते. दरवाजाशी जो तो विचारत होता, उद्या हेच हाये ना? सिनेमा तं नाई ना?

सुगंधाबाईची मुलगी कुंता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसता हसता रडत होती. “माय,” ती म्हणाली, “हे आपले बाबाच होय का?”

सुगंधाबाईलाही तेच विचारायचं होतं.

*

इस्तारीच्या घरच्यांचा, म्हशाखेत्र्यांचा मुक्काम वैनगंगेच्या काठी आंब्याखाली होता. दोन बंड्या आडव्या लावून मध्ये चूल मांडली होती. सकाळी गुणवंतराव नदीवरून आले ते ओल्या धोतरातच भावासमोर उभे राहिले. येताना त्यांना पाच जणांनी हसून रामराम केला होता, आणि गुणवंतरावांना हसून रामराम केलेला चालत नसे.

“नाटकवाला झाला का तू?” ते म्हणाले. “आज देवाजी पाटील येऊन राह्यले मूल गावाहून. पोरीचं पक्कं करून राह्यलो मी, आनं पोरीचा बाप भोंग्यावर न्हाव्यासंग गप्पा मारते.”

इस्तारी खाली पाहत राहिला. पुन्हा तोच ओसरीवरचा माणूस.

“पाहुणे हायेत तवर मले दिसू नोको. तंबूतच ऱ्हाय. मी सांगतो त्याइले, वावरातल्या लाखोरीच्या राखणीले गावीच राह्यला म्हणून.”

“हो,” इस्तारी म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

सुगंधाबाई चुलीपाशी होती. थोरल्या दिरासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं, आजही नाही. तिने फक्त पानगा उलटताना तो इतक्या जोराने आपटला की त्याचे दोन तुकडे झाले. तिची जाऊ रुखमाबाई, गुणवंतरावांची बायको, पीठ मळत होती. ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेलेली नव्हती. गुणवंतराव धोतर बदलायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, “बरोबर हाये त्याइचं. सोयरीक म्हणजे काही खेळ नाई.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “त्या झिंगूची बायको अजून काय म्हणे वं? मी पाठीमागं होती, मले आयकू नाई आलं.”

सुगंधाबाईने सांगितलं. दोघी पिठाच्या हातांनी तोंड दाबून हसल्या.

कुंता मात्र हसली नाही. ती चामोर्शीला मावशीकडे राहून सातवी पास झाली होती आणि चांद्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. गुणवंतरावांनी ते ऐकून घेतलं होतं आणि मग मूलकडचं स्थळ आणलं होतं. बाबा काहीतरी बोलतील म्हणून तिने दिवाळीपासून वाट पाहिली होती.

“माय,” ती म्हणाली, “बाबाले त्या माईकवरच बोलता येते काय? घरी नाई?”

सुगंधाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

देवाजी पाटील दुपारी आले. मोठं पोट, मोठा आवाज, डोक्याला रेशमी फेटा. त्यांची बायको सोमारीबाई किडकिडीत होती आणि नवऱ्याच्या मागून चालत असली तरी बैल कोणत्या झाडाला बांधायचे ते तीच सांगत होती. मुलगा मनसाराम शेवटी उतरला. उंच, लाजाळू, कपाळावर आलेले केस फुंकरीने उडवायची सवय असलेला. जेवणं झाली, पान झालं, पोरीचा बाप लाखोरी राखायला गावी राहिल्याचंही सांगून झालं. गुणवंतरावांनी आता सुपारी फोडायचा विषय काढायचा म्हणून घसा साफ केला.

“गुणवंतराव,” देवाजी पाटीलच आधी बोलले, “बाकीचं उद्या सकाळी. चामोर्शीपासून सारा रस्ता एकच गोष्ट आयकून राह्यलो. मार्कंड्याले म्हणते एक बोलका पहिलवान आला हाये. त्याच्यापायी बैल पळवत आणले मी. आज सांजच्याले सारे तिकडं जाऊ.”

गुणवंतरावांचा चेहरा असा झाला की रुखमाबाईला पाणी आणायला उठावं लागलं. ती बंडीमागे जाऊन घागरीवर वाकली आणि तिची पाठ हलत असलेली सुगंधाबाईला दिसली.

*

त्या संध्याकाळी कासमभाईने पडदा गुंडाळूनच ठेवला होता. पेटी अजून आली नव्हती आणि आता ती येऊ नये असं त्यालाच वाटत होतं. अहेरीकडून, सिरोंचाच्या वाटेने आलेले, बाजार करून परतणारे, असे सगळे तंबूत दाटले होते. कनाती वर उचलून बाहेरच्यांनाही बसायला जागा केली होती.

बायकांच्या बाजूला सोमारीबाई सुगंधाबाईला खेटून बसली. ओट्यावर इस्तारी आला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. आज त्याने केस चापून बसवले होते आणि कासमभाईचं लाल जाकीट घातलं होतं. ते त्याला इतकं तोकडं होत होतं की बटणं एकमेकांना भेटत नव्हती.

“कोण गावचा म्हणावा हा?” सोमारीबाईने विचारलं.

“आमच्याच गावचा,” सुगंधाबाई म्हणाली आणि तिचे कान तापले.

“माणूस बाकी साजरा हाये.”

सुगंधाबाईने त्याच्याकडे पाहिलं. खरंच साजरा होता. अडतिसाव्या वर्षी, शेजारी विहीणबाई बसलेली असताना, आपल्याच नवऱ्याला पाहून लाजावं लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पहिला मान एका चुडीवाल्याला मिळाला. त्यानंतर इस्तारीने “आता कोण?” म्हणायचा अवकाश, देवाजी पाटील स्वतःच उठले. गुणवंतरावांनी त्यांचं धोतर धरून पाहिलं, पण तेवढ्याने ते थांबणारे नव्हते. ते ओट्यावर चढले आणि खुर्ची त्यांच्याखाली कुरकुरली.

सुगंधाबाईने कुंताचा हात घट्ट धरला. इस्तारीने या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. सगळं बोलणं गुणवंतरावांनीच केलं होतं.

“तुमी कोण गावचे जी?”

“मूलकडचा. देवाजी पाटील म्हणते मले.”

सुगंधाबाईला इस्तारीचा हात गुडघ्यावर गेलेला दिसला. तो हात तिथे क्षणभर राहिला. मग इस्तारीने माईक थोडा जवळ ओढला.

“जत्रेले देवासाठी आले का दुसऱ्या कामाले?”

“देव बी झाला. पोराची सोयरीक हाये. डोंगरगावच्या म्हशाखेत्र्याची पोरगी.”

मधल्या रांगेत डोंगरगावचे, म्हणजे इस्तारीच्याच गावचे लोक बसले होते. तिथे एकदम खुसफूस झाली आणि एकदम थांबली. गुणवंतरावांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

“पोरीचा बाप कसा हाये?” इस्तारीने विचारलं.

“बाप काही कामाचा नाई म्हणते,” देवाजी पाटील मोकळेपणी म्हणाले. “आगोदर पहिलवान होता, तुमच्यावानी. आता बसून ऱ्हायते. भोळा हाये, बोलत नाई. मोठा भाऊच सारं पाह्यते. म्या म्हटलं बरं हाये, बाप जेवढा कमी बोलन तेवढं लगीन लवकर आटपते.”

सगळा तंबू हसला, फक्त मधली रांग हसली नाही. सुगंधाबाईला वाटलं, आता तो माईक सोडून निघून जाईल. गेला तर तिने त्याला बोल लावला नसता.

पण इस्तारीने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला, दंगलीत गाव विचारायचा तसा वाकला, आणि एका बापाने जे विचारायला हवं होतं ते विचारायला लागला.

“सून किती शिकलेली पाह्यजे?”

“चवथी बस झाली. जास्त शिकली का सासऱ्यालेच शिकवते.”

“आनं पोरगा किती शिकला?”

“मॅट्रिकले दोनदा बसला.”

“मंग?”

“मंग काय. अजून उठला नाई.”

हशा थांबेपर्यंत इस्तारी थांबला. “म्हणजे पाटील,” तो म्हणाला, “घरात शिकवणारं एक तरी माणूस लागतेच की तुमाले.”

देवाजी पाटलांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसले. पोट हलायला लागलं तशी खुर्ची करकरली.

“सुनेले मारान का?”

“छे जी. आमच्या घरी मार खायचं काम माह्याकडं हाये.”

“खोटं हाये थे,” सोमारीबाई बसल्या जागेवरून ओरडली. “कधी हात नाई लावला. नुसती पाह्यतो मी त्याइच्याकडं.”

“त्याचाच मार लागते,” देवाजी पाटील म्हणाले आणि बायकांच्या बाजूला असा गलका उठला की कासमभाईने इंजिनपाशी बसून कानांवर हात ठेवले.

“पोराले विचारलं का, त्याले काय पाह्यजे म्हणून?”

देवाजी पाटील गोंधळले. “त्याले काय विचाराचं?”

“मंग मी विचारतो. कुठी हाये तो?”

लोकांनी मनसारामाला हातोहात पुढे ढकललं. तो बापाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने फुंकरीने केस उडवले. ती फुंकर भोंग्यातून वाऱ्यासारखी निघाली.

“कशात राह्यला बापा?”

“गणितात जी. दोन्ही बारी.”

“बायको कशी पाह्यजे?”

मनसारामाने बापाकडे पाहिलं, मग इस्तारीकडे. इस्तारीच्या चेहऱ्यावर उत्तराची घाई नव्हती. बहुधा त्यामुळेच त्या पोराला खरं बोलावंसं वाटलं.

“मले कोणी विचारलं नव्हतं जी,” तो म्हणाला. “पण मले तिच्यासंग बोलता आलं पाह्यजे. आमच्या घरी मायच्या पुढं कोणाची पाळीच येत नाई. आनं गणित येत असन तं बरं होईन.”

सुगंधाबाईच्या हातातला हात सुटला. कुंता उभी राहिली होती. डोक्यावर पदर होता, पण आवाजाला पदर नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याले विचारा, बायको दोन वर्स चांद्याले मास्तरणीचं शिकाले गेली तं हा थांबन का?”

देवाजी पाटील खुर्चीवर वळले, कुंताकडे पाहिलं, इस्तारीकडे पाहिलं.

“हे बाबा कोणाले म्हणून राह्यली?”

“मलेच जी,” इस्तारी म्हणाला. “थो भोळा मीच.”

सोमारीबाईने मान वळवून सुगंधाबाईकडे पाहिलं. “आमच्याच गावचा म्हणे.”

“हो जी,” सुगंधाबाई म्हणाली. तिला कळत होतं की आता लाजावं, पण तिला हसू आवरत नव्हतं. “गावचा बी आनं घरचा बी.”

ओट्यावर देवाजी पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. गुणवंतराव अर्धे उठले होते, पळावं की माफी मागावी हे ठरत नसल्यासारखे. मग देवाजी पाटलांचे खांदे हलायला लागले. त्यांनी डोळे पुसले आणि माईकमध्ये तोंड घालून व्याह्याला विचारलं, “इवाई, लाखोरी कशी हाये औंदा?”

“म्या कुठी पाह्यली जी,” इस्तारी म्हणाला. “मी तं इथी होतो.”

त्यावर मधली रांग जी फुटली ती बराच वेळ सावरली नाही. डोंगरगावचे लोक मांड्या थोपटत होते. रुखमाबाई सुगंधाबाईच्या मांडीवर कोसळली होती आणि मला पाणी द्या म्हणत होती. गलका उतरला तेव्हा मनसाराम अजून तिथेच उभा होता. त्याने स्वतःच माईक धरला.

“थांबीन जी,” तो म्हणाला. “तवर माह्यं गणित बी होईन.”

“पास होऊन दाखव,” कुंता म्हणाली. “मी अजून हो म्हटलं नाई.”

आणि ती खाली बसली. सुगंधाबाईने तिचा सुटलेला हात पुन्हा धरला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी झाली ती आंब्याखाली चुलीजवळ, आणि ती सोमारीबाईने केली. पोरीने चांद्याला जावं. तोवर पोराने मॅट्रिक व्हावं. मग दोघांना विचारून काय ते ठरवावं. सुपारी आज फोडायची नाही. देवाजी पाटील तीन वेळा बोलायला गेले आणि तिन्ही वेळा बायकोने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. इस्तारी भावाच्या मागे बसला होता. सोमारीबाईने त्याला पुढे बोलावून घेतलं आणि पोरीचा बाप काय म्हणते, असं विचारलं.

“माह्यं बी हेच म्हणणं हाये,” इस्तारी म्हणाला. माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

पाहुणे गेल्यावर गुणवंतराव एकटेच नदीवर जाऊन बसले.

दुपारून सिनेमाची पेटी आली. कासमभाईने ती उघडताना असा उसासा टाकला जणू घरात नको तो पाहुणा उतरला होता. संध्याकाळी तंबूत लोक ओरडू लागले, सिनेमा राहू द्या, पहिलवानाले आणा. रीळ मशीनवर चढेपर्यंत इस्तारीला ओट्यावर सोडलं. त्या तेवढ्या वेळात खुर्चीवर जाऊन कोण बसलं, तर रुखमाबाई. सुगंधाबाईने तिला उठताना पाहिलं आणि तिचा विश्वास बसला नाही.

“बाई,” इस्तारीने वहिनीला विचारलं, “तुमच्या घरी जास्त कोण बोलते?”

“माहे मालक,” रुखमाबाई म्हणाली. “मी वीस वर्सं आयकून राह्यली. आज त्याइनं आयकावं.” एवढं बोलून तिला पुढे काही सुचेना. मग तिने मैलभर ऐकू जाईल अशा आवाजात पानग्यांचं पीठ कसं मळावं ते सांगितलं, आणि लोकांनी तेही टाळ्या वाजवून ऐकलं.

मग दिवे मालवले. पडद्यावर कुठलासा राजवाडा हलायला लागला. इस्तारी दरवाजावर जाऊन उभा राहिला. कासमभाईने जाकीट परत घेताना त्याचा खांदा दाबला. “अगले साल,” तो म्हणाला, पण पुढच्या सालाआधी त्याने टाकीज विकली आणि तो पुन्हा या भागात आला नाही.

*

परतीच्या वाटेवर पुढच्या बंडीत गुणवंतराव कासरा धरून बसले होते आणि इस्तारी त्यांच्याजवळ. मागे दोघी जावा आणि कुंता. मागची बंडी गडी हाकत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. नदीपासून चार कोस झाले तरी गुणवंतरावांनी बैलांनाही एक शब्द केला नव्हता. सुगंधाबाई इस्तारीच्या पाठीकडे पाहत होती. माईक तिथेच राहिला, तंबूही तिथेच राहिला. आता हा घरी जाऊन पुन्हा ओसरीवर बसेल का, हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

जंगलाचा पट्टा लागला तिथे गुणवंतरावांनी बंडी थांबवली. पुढे वाट मोकळी होती, बैलही दमले नव्हते. कासरा हातात तसाच होता.

“त्या न्हाव्याले बोलावलं,” ते समोर पाहत म्हणाले.

त्यांनी कासऱ्याला एक पीळ दिला.

“ढिवराले बोलावलं. पोलीस पाटलाले बोलावलं. कुठचा कोण चुडीवाला, त्याले बोलावलं. हे घरची बाई,” त्यांनी मागे न पाहता अंगठा केला, “हे बी जाऊन बसली.” त्यांचा आवाज घसरला. “मले काऊन नाई बोलावलं?”

रुखमाबाईने सुगंधाबाईचा दंड धरला. कुंताने ओठ दाताखाली घेतले. सुगंधाबाईला वाटलं, आता हसलो तर आयुष्यभर या माणसाला तोंड दाखवता येणार नाही. पण तिला हसू आलं नाही. पांढऱ्या मिशांचा, ताठ पाठीचा तो माणूस तिला एकदम थकलेला दिसला. बाप गेला तेव्हा तो मनसारामाएवढाच असेल. तेव्हापासून सगळ्यांनी त्याला फक्त काय करायचं ते विचारलं होतं.

इस्तारी बंडीतून खाली उतरला. लंगडत पुढून वळसा घालून तो भावाच्या बाजूला आला आणि जुवावर हात टेकून उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर टेकायचा तसा.

“भाऊ,” तो म्हणाला, “दमले का जी तुमी?”

गुणवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कासरा सोडून दिला आणि बोलायला सुरुवात केली. मागच्या बंडीवरचा गडी बैल सोडून झाडाखाली आडवा झाला. रुखमाबाईने पाण्याची घागर पुढे सरकवली. घरी पोचायला त्या दिवशी फार उशीर झाला.